संध्याकाळी साडेसहाला नेमकं काय होतं?

प्रश्न: माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व, दोन्ही आहे. बोलणं मोजून चार शब्दांचं: आई, पाणी, गाडी, नको. गेल्या दोन वर्षांत तो डाव्या हाताला मनगटाच्या वर चावायला लागलाय, तिथली कातडी काळी आणि जाड झालीय. संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला हे सगळ्यात जास्त होतं. ताट भिरकावतो, मध्ये येईल त्याला ढकलतो. मागच्या महिन्यात माझ्या सासूबाई पडता पडता वाचल्या. शाळा म्हणते, काही दिवस घरीच ठेवा. दीर म्हणतात, एकदा चांगला फटकावला की सुधारेल. कुणी हात बांधून ठेवायला सांगतं. डॉक्टरांनी गोळी दिलीय, तिनं तो नुसता पेंगत असतो. एका पालक-बैठकीत 'पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट' हे नाव कानावर आलं. ते काय असतं? आणि एवढ्या मोठ्या मुलाला त्याचा उपयोग होतो का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. उपयोग होतो. 17 हे वय अजिबात उशिराचं नाही. मी 26 वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करतेय, त्यातली गेली 12 वर्षं मुख्यतः मोठ्या मुलांबरोबर आणि प्रौढांबरोबर. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचे दिवस या मार्गानं बदललेले मी पाहिले आहेत.

तुमचं लिहिलेलं वाचताना मी एका शब्दापाशी अडले. त्याला येणाऱ्या चार शब्दांपैकी एक 'नको' आहे. ज्याला नको म्हणता येतं, त्याला चावायची वेळ का येते? जरा आठवून बघा. तो 'नको' म्हणाला आणि घरातलं माणूस खरोखर थांबलं, असं शेवटचं कधी झालं? आपण काय करतो, तर 'नको काय, एक घास अजून', 'असं नाही म्हणायचं, मामा आलेत, नमस्कार कर'. सगळं मायेनंच. पण त्याच्या हिशेबी 'नको' हा शब्द चालेनासा झाला. मग एक दिवस तो स्वतःच्या हाताला चावला. आई हातातलं टाकून धावली, ताट बाजूला झालं, पाहुणे गप्प झाले, कुणीतरी टीव्ही बंद केला. दहा वेळा 'नको' म्हणून जे झालं नाही ते एका चाव्यानं झालं. हे तो ठरवून किंवा हट्टानं करत नाही. जी किल्ली कुलुपाला लागते तीच आपणही पुन्हा लावतो.

पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्टचा गाभा इथंच आहे. आम्ही बोलताना त्याला पीबीएस म्हणतो. एखादं त्रासदायक वागणं पुन्हा पुन्हा होतंय, म्हणजे त्यानं त्या माणसाचं काहीतरी काम होतंय. ते काम कोणतं, हे आधी शोधायचं. मग तेच काम सोप्या आणि कुणालाही इजा न होणाऱ्या मार्गानं होईल अशी सोय करायची, आणि ती गरजच कमी वेळा पडेल असा दिवस आखायचा. 'पॉझिटिव्ह' या शब्दानं लोकांचा घोटाळा होतो. चांगलं वागला की चॉकलेट, असं काहीतरी ते असावं असं वाटतं. बक्षिसाचा यात वाटा आहे, पण लहानसा.

हा विचार कुठून आला तेही सांगते, कारण तुमच्या दिरांच्या सल्ल्याशी त्याचा संबंध आहे. 1960 आणि 70 च्या दशकांत अमेरिकेतल्या मोठ्या संस्थांमधून स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांना आवरायला विजेचे झटके देत, तोंडात लिंबाचा रस पिळत, नाकाशी अमोनिया धरत. वागणं थांबायचंही, पण बऱ्याचदा शिक्षा करणारा समोर असेपर्यंत आणि त्या खोलीपुरतंच. 1977 साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार यांनी वेगळा प्रश्न लावून धरला: मूल स्वतःला का मारून घेतं? 1982 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात संशोधक ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी 9 मुलांना आळीपाळीनं 15-15 मिनिटं वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलं. कधी एकटं, कधी खेळायला मोकळं, कधी अभ्यासाचा आग्रह, कधी इजा करून घेतली की मोठ्यांनी लक्ष द्यायचं. दिसलं ते असं की बाहेरून सारखंच दिसणारं वागणं वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या प्रसंगी वाढतं. मग 1985 मध्ये कार आणि मार्क डुरँड यांनी 4 मुलांवर काम केलं. ज्यांना काम अवघड जात होतं त्यांना 'मला कळत नाही' असं म्हणायला शिकवलं, आणि ज्यांना मोठ्यांचं लक्ष हवं होतं त्यांना 'मी नीट करतोय ना?' असं विचारायला. त्या वाक्याला मोठ्यांनी दाद द्यायची. मुलांचा त्रास कमी झाला. शिक्षेची गरजच पडली नाही. 1990 च्या सुमाराला रॉबर्ट हॉर्नर, ग्लेन डनलॅप आणि कार यांच्यासारख्या मंडळींनी याला पद्धतीचं रूप दिलं, आणि 1997 मध्ये अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात तिचा उल्लेख आला.

हे मी वाचून शिकले, पण मला पटलं ते स्वतःच्या चुकीतून. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात 11 वर्षांचा एक मुलगा होता. मणी ओवायला दिले की दोन मिनिटांत ताट उधळायचा. शाळेचा नियम होता, वस्तू फेकली की 5 मिनिटं व्हरांड्यातल्या बाकावर. मी नियम काटेकोर पाळला. सुरुवातीला तो दिवसातून दोनदा बाहेर जायचा, महिनाअखेर सात-आठ वेळा. मला वाटलं शिक्षा कमी पडतेय, म्हणून मी 5 ची 10 मिनिटं केली. एक दिवस शाळेतल्या मावशी मला म्हणाल्या, "बाई, तो बाहेर आला की खुशीत असतो हो. पाय हलवत चिंचेकडं बघत बसतो."

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या बोटांकडे नीट पाहिलं. बोटं ताठ होती, मणी बारीक होते, दोरा लोळत होता. त्याला जमत नव्हतं, आणि 'जमत नाही' हे सांगायची काही सोय नव्हती. ताट उधळलं की मणी जायचे आणि चिंचेखालचा वारा मिळायचा. महिनाभर मीच त्याला रोज शिकवत होते: उधळ, म्हणजे सुटशील. दुसऱ्या दिवशी मी मोठे मणी आणले, दोऱ्याऐवजी कडक वायर दिली, आणि लाल पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. तो उचलून दाखवला की 2 मिनिटं बाहेर, काही न विचारता. पहिल्या दिवशी त्यानं तो 14 वेळा उचलला. मी 14 वेळा सोडलं. सहकारी शिक्षिकांना ते लाड वाटले. पण त्याची खात्री पटायला हवी होती की हा पुठ्ठा दरवेळी चालतो, ताट उधळण्यापेक्षा लवकर चालतो. तिसऱ्या आठवड्यात आकडा चार-पाचवर आला. ताट उधळणं त्याआधीच जवळजवळ थांबलं होतं.

तर तुमच्याकडे सुरुवात वहीनं करायची. साधी शंभर पानी वही. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहायच्या: आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, आणि लगेच नंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. 'चिडला', 'नाटकं केली', 'मूड गेला' हे शब्द वहीत नकोत, कारण त्यातून काहीच कळत नाही. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहा. शिवाय रोज तीन नोंदी: झोप किती, शौचाला झालं का, नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं. दोन आठवडे. ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवसाचीही नोंद हवी, आणि ती सगळ्यात मोलाची.

का, ते एका घरातल्या वहीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. तिथली एक नोंद अशी होती: 'मंगळवार, 6.40. कुकर लावलेला, टीव्ही चालू, धाकटा पाढे म्हणतोय. मी म्हणाले, चल जेवायला बस. हाताला चावला, ताट ढकललं. मी आतल्या खोलीत नेलं, पंखा लावला, पाठीवरून हात फिरवला. 10 मिनिटांत शांत.' अशा 11 संध्याकाळी होत्या. तीन संध्याकाळी कोऱ्या होत्या, आणि त्यातल्या दोन दिवसांपुढे आईनं सहज लिहिलं होतं: 'लाइट नव्हती.' लाइट नव्हती म्हणजे टीव्ही नाही, मिक्सर नाही, ट्यूबलाइटची चरचर नाही. मेणबत्तीच्या उजेडात तो मुलगा निवांत जेवला होता. आईला वाटत होतं त्याला जेवण नको असतं. त्याला आवाज नको होता. मग त्याचं जेवण 6 वाजता, कुकर लावायच्या आधी, आतल्या खोलीत सुरू केलं. दारावर त्या खोलीचाच फोटो चिकटवला. त्यावर बोट ठेवलं की कुणीतरी लगेच आत घेऊन जायचं.

दुसऱ्या घरीही हीच वेळ, हेच चावणं. तिथं आवाजाचा काही संबंध नव्हता. वडील रोज साडेसहाला कामावरून येत आणि त्याला स्कूटरवरून एक चक्कर मारून आणत. बदली झाली, ते आठवड्यातून एकदाच घरी यायला लागले. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, पण तो रोज सव्वासहापासून गेटकडे तोंड करून बसायचा. त्या घरात आपण टीव्ही बंद करून भागलं नसतं. तिथं भिंतीवर सात वारांच्या सात चौकोनांची पट्टी लावली, दोन चौकोनांत स्कूटरचं चित्र, एका वारी वडील आणि एका वारी शेजारचा काका. उरलेल्या दिवशी त्या वेळेला कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायचं काम त्याच्याकडे दिलं. तुमच्या मुलाच्या चार शब्दांत 'गाडी' आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. तुमच्याकडे तिसरंच काही निघू शकेल. दुरून मी सांगू नये, वही सांगेल.

वही सुरू करतानाच, किंबहुना त्याआधी, एक काम करा: शरीर तपासून घ्या. ज्याला 'दुखतंय' म्हणता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं. दात, कान, पोट साफ न होणं, ॲसिडिटी, झोप. ऑटिझम असलेल्या काही मुलांना वयात येताना फिट्स सुरू होतात, तेही डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे 23 वर्षांची एक मुलगी स्वतःच्या डाव्या गालावर थापडा मारायची. चार महिने आम्ही तिचे प्रसंग लिहीत होतो, धागा सापडेना. अक्कलदाढ आडवी आली होती. ती काढल्यावर आठवड्याभरात थापडा थांबल्या. त्या चार महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं. मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखाही वहीत हव्यात.

आता 'नको'कडे परत येऊ. वहीत काहीही निघो, एक गोष्ट आजपासून करता येईल: त्याचा 'नको' चालू करा. दिवसातून पाच-सहा वेळा असे प्रसंग स्वतःहून घडवा जिथं 'नको' म्हटलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. दुसरी पोळी पुढं करा. तो 'नको' म्हणाला किंवा नुसती मान फिरवली, तरी "बरं, नको" म्हणून लगेच मागं घ्या. निळा शर्ट पुढं करा, नको म्हणाला तर हिरवा. ताण चढल्यावर त्याच्या तोंडून शब्द निघत नसेल, तर हाताची खूण किंवा पुठ्ठ्याचं कार्ड शिकवा. आणि ते शिकवायचं तो शांत असताना, चावण्याच्या वेळी नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं ॲप मोफत आहे, मराठीतही चालतं. चित्राला हात लावला की फोन बोलतो. पण कार्ड असो वा ॲप, ते चावण्यापेक्षा सोपं हवं, लवकर लागू पडायला हवं, आणि सुरुवातीला तरी दरवेळी लागू पडायला हवं. कार्ड कपाटात आणि तोंड जवळ, असं असेल तर तो तोंडच वापरणार.

'मग तो सगळ्यालाच नको म्हणेल' ही भीती प्रत्येक आईला वाटते. पहिले काही दिवस म्हणेलही. हा शब्द पुन्हा चालतो याची त्याला खात्री पटली की थांबायला शिकवता येतं. "आंघोळ, मग झोका" असं दोन चित्रं दाखवून, आधी 5 सेकंद, मग 15, मग मिनिटभर. औषध घेणं, रस्त्यावर हात धरणं, अशा काही गोष्टींना 'नको' चालणार नाही. त्या मोजक्याच ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच ठेवा. आजीकडे एक नियम आणि काकाकडे दुसरा, यात त्याचे सगळ्यात जास्त हाल होतात.

एवढं करूनही तो चावेल, विशेषतः पहिल्या महिन्यात. जे वागणं इतके दिवस चाललं ते एकदम सुटत नाही, थोडं वाढूही शकतं. त्या वेळी फार बोलू नका. आवाज खाली, वाक्य एक, तेही तीन शब्दांचं. सासूबाईंना आणि लहानांना आधीच ठरलेल्या जागी जाऊ द्या. कुणी कुठं जायचं हे शांत वेळी ठरवून ठेवा. चावण्याकडे नुसतं दुर्लक्ष करा असा सल्ला मिळेल, तो हाताला इजा होत असताना पाळू नका. मध्ये उशी किंवा टॉवेल धरा, जागा मोकळी करा. जिवाला धोका असेल तरच धरायचं, तेही कमीत कमी वेळ, आणि पालथं पाडून किंवा छातीवर भार देऊन कधीही नाही. त्यानं श्वास कोंडतो. चावण्याआधी काय दिसतं ते वहीत शोधा. बहुतेक मुलांत काहीतरी दिसतंच: येरझाऱ्या वाढतात, गुणगुणणं चढतं, कान लाल होतात. त्या क्षणी कार्ड पुढं करणं हे चावून झाल्यावरच्या कोणत्याही उपायापेक्षा भारी आहे.

दिरांना सांगा, राग येणं समजू शकतं, त्यांच्या आईला धक्का लागला आहे. पण बोलता न येणाऱ्याला मारणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्याला कशाबद्दल मारलं तेही कळत नाही. कळतं एवढंच की ज्याच्या अंगात जोर जास्त तो मारतो. तो 17 चा आहे. तीन वर्षांनी घरात जोर त्याच्याच अंगात जास्त असेल.

बांधण्याबद्दल मला जास्त कळकळीनं बोलायचंय. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडी इथं एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली 28 माणसं त्यात मेली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजार असलेल्यांना साखळीनं बांधायला पूर्ण मनाई केली. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तुमच्या मुलासारख्यांना क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतो. घरातला दुपट्टा साखळीइतका भीषण दिसत नाही, हे खरं. पण ज्याचे हात बांधले त्याची खूण करायची, कार्ड उचलायची, अंगावरची माशी हाकलायची सोयसुद्धा गेली. त्याच्याकडे उरतं ते किंचाळणं.

शाळा घरी ठेवा म्हणते, त्यालाही याच 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घ्या. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शेजारच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. भांडायला जाऊ नका. वही घेऊन जा आणि शाळेत कोणत्या तासाला त्रास होतो ते विचारा. बरेचदा तो एकच तास असतो, तेवढ्यापुरता उपाय निघतो. आणि तो 18 चा व्हायच्या आत नॅशनल ट्रस्टच्या (ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाची चौकशी करून ठेवा. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात. ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा खर्चही काही प्रमाणात त्यात बसतो.

गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल ही औषधं वापरतात, काही मुलांना त्यांचा खरा आधार होतो. झोप येणं, भूक आणि वजन वाढणं हे त्यांचे माहीत असलेले परिणाम आहेत. डॉक्टरांना वही दाखवा आणि विचारा: ही गोळी नेमकी कशासाठी, किती दिवसांनी पुन्हा बघायचं, वजन आणि रक्ताच्या तपासण्या केव्हा. कुकरच्या आवाजानं होणाऱ्या त्रासावर गोळी देणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पण हे ठरवायला डॉक्टरांनाही तुमच्या नोंदीच लागतील.

अजून एक. पीबीएसच्या नावाखाली लोक कधी कधी मुलाच्या प्रत्येक वेगळेपणाच्या मागे लागतात. हात फडफडवणं, डोलणं, एकच दोरी तासन् तास फिरवणं. यातनं कुणाला इजा होत नसेल तर हात लावू नका. मोठे झालेले, बोलू-लिहू शकणारे ऑटिस्टिक लोक सांगत आले आहेत की त्यानं त्यांना सावरायला मदत होते, आणि लहानपणी ते जबरदस्तीनं बंद केल्याचे वळ मनावर राहतात. त्यांचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. तुमचा मुलगा चारचौघांसारखा दिसावा यासाठी हा खटाटोप नाही.

मग कशासाठी? मी कुठल्याही घरी गेले की एक प्रश्न विचारते, तुम्हालाही विचारते: सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्या मर्जीनं काय काय होतं? कधी उठायचं, काय घालायचं, कोणासोबत बसायचं, कुठं जायचं, यातलं काय तो ठरवतो? पुष्कळ घरांत उत्तर येतं: काहीच नाही. 17 वर्षांच्या पोराचा पूर्ण दिवस दुसरे ठरवतात, त्याला काम नाही, मित्र नाही, संध्याकाळी बघायला काही नाही. अशा दिवसात आपण कुणीही बिथरू. म्हणून मी चाव्यांच्या आकड्याबरोबर दुसरेही आकडे लिहायला लावते: आठवड्यात तो किती वेळा घराबाहेर पडला, किती निवडी त्यानं केल्या, घरातल्यांखेरीज कितीजण त्याच्याशी बोलले, आणि तुम्ही स्वतः किती तास शांत झोपलात. तुमची झोपही याच योजनेचा भाग आहे. थकलेली आई दोन आठवडे वही लिहू शकत नाही. सासूबाईंना यात घ्या. त्या घाबरल्या असतील, पण त्याला दोन शर्टांतून एक निवडायला लावणं त्या बसल्या जागी करू शकतात, आणि त्या दोघांचं तुटलेलं नातं तिथूनच जुळेल.

लाल पुठ्ठ्याचा तो मुलगा आता तिशीत आहे. एका कार्यशाळेत कागदी पिशव्या चिकटवतो. पुठ्ठ्याची जागा गळ्यातल्या लहान कार्डानं घेतली आहे. मागच्या वर्षी मी तिथं गेले होते. पाहुणे आले म्हणून सगळे मोठ्यानं बोलत होते. त्यानं खळीचा ब्रश खाली ठेवला, कार्ड वर धरलं, शेजारच्यानं मान हलवली, आणि तो उठून दारातल्या पायरीवर जाऊन बसला. पाचेक मिनिटांनी परत आला, तोच ब्रश उचलला. कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आज रात्री तो झोपला की वही काढा. वर तारीख घाला, आणि तिच्याखाली तो किती वाजता झोपला ते लिहा. दोन आठवडे झाले की ती घेऊन तुमच्या जवळच्या विशेष शिक्षकाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जा. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी आहे का, हे विचारून घ्या. आणि वहीतल्या कोऱ्या संध्याकाळी त्यांना सगळ्यात आधी दाखवा.